बारा वर्षांपूर्वीचे मास्टर्स आणि नवा अर्ज

“ताई, मास्टर्स होऊन बारा वर्षं झाली. आता पुन्हा सगळं पहिल्यापासून करायचं का?” न्यू जर्सीतील मराठी परिचारिकांना पुढील शिक्षणाबाबत सल्ला देताना हा प्रश्न माझ्यापुढे वारंवार येतो. गेल्या वर्षी तो विचारणाऱ्या ताई मूळच्या सांगलीकडच्या. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची बी.एस्सी. नर्सिंग पदवी घेऊन त्या अमेरिकेत आल्या, इथेच मास्टर्स केले आणि फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर (रुग्ण तपासून औषधे लिहून देणारी, प्रगत शिक्षण घेतलेली परिचारिका) म्हणून एका दवाखान्यात रुग्ण तपासू लागल्या. आता त्यांना मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात जायचे होते आणि त्यासाठी ‘पोस्ट-ग्रॅज्युएट सर्टिफिकेट’चा अभ्यासक्रम मी सुचवला. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत.)

त्यांची पहिली अडचण ‘सर्टिफिकेट’ या शब्दाचीच होती. आपल्याकडे हा शब्द ऐकला की तीन महिन्यांचा टायपिंगचा किंवा संगणकाचा वर्ग डोळ्यांपुढे येतो, आणि घरातूनही “मास्टर्स झाल्यावर सर्टिफिकेट कशाला?” असे विचारले गेले होते. इथली व्यवस्था मी त्यांना समजावून सांगितली. २००८ साली अमेरिकेत प्रगत परिचर्येचा जो सर्वमान्य आराखडा ठरला, त्यात नर्स प्रॅक्टिशनरचे शिक्षण, प्रमाणन परीक्षा आणि परवाना या तिन्ही गोष्टी विशिष्ट रुग्णगटाशी जोडलेल्या आहेत. कौटुंबिक आरोग्य हा एक गट आणि मानसिक आरोग्य हा दुसरा. एका गटाची पात्रता असलेल्या व्यक्तीला दुसऱ्या गटात जायचे असेल, तर दुसरी मास्टर्स पदवी न घेता पोस्ट-ग्रॅज्युएट सर्टिफिकेट करता येते. त्यातून नवी पदवी मिळत नाही, पण शेवटी द्यावी लागणारी राष्ट्रीय परीक्षा पदवीच्या विद्यार्थ्यांची जी असते तीच असते.

“पहिल्यापासून करायचं का?” याचे उत्तर गॅप ॲनालिसिसमध्ये मिळते. अर्जदाराने पूर्वी काय शिकले आहे आणि नव्या गटासाठी काय शिकणे आवश्यक आहे, हे विद्यापीठ एकेका विषयागणिक ताडून पाहते आणि उरलेल्या विषयांचाच अभ्यासक्रम आखून देते. प्रगत विकृती-शरीरक्रियाशास्त्र, प्रगत शारीरिक तपासणी आणि प्रगत औषधशास्त्र हे तीन पायाभूत विषय बहुधा जुन्या मास्टर्समधून धरले जातात. मात्र ते धरायचे की नाही हे विद्यापीठ ठरवते, आणि त्यासाठी नुसती गुणपत्रिका अनेकदा पुरत नाही. त्या विषयांचा त्या वर्षीचा सविस्तर अभ्यासक्रम मागितला जातो. ताईंकडे तो नव्हता. दोन आठवडे घर धुंडाळल्यावर तळघरातल्या एका खोक्यात, मुलाच्या बालवाडीतल्या चित्रांखाली, त्यांना निळी फाइल सापडली. तीन विषयांपैकी दोघांचे छापील अभ्यासक्रम तिच्यात होते आणि क्लिनिकलच्या, म्हणजे प्रत्यक्ष रुग्णसेवेच्या, तासांची वहीही होती. वहीच्या समासात त्यांनी मराठीत लिहिलेल्या नोंदी होत्या: ‘आज पहिल्यांदा एकटीने तपासलं.’ औषधशास्त्राचा अभ्यासक्रम मात्र जुन्या महाविद्यालयाकडून मागवावा लागला. अर्जाची मुदत जवळ येईपर्यंत ही कागदपत्रे शोधायला घेऊ नयेत, हे मी प्रत्येकीला आवर्जून सांगते.

एका विषयात कमी ग्रेड असल्याचीही त्यांना धास्ती होती, पण एकूण सरासरी चारपैकी तीनच्या बरीच वर होती. त्यामुळे त्यावर आम्ही फार वेळ घालवला नाही.

खरी मेहनत घ्यावी लागली ती उद्देशपत्रावर. पहिल्या मसुद्यात ‘मला मानसिक आरोग्याची तळमळ आहे’ असे वाक्य तीनदा आले होते आणि त्यात ताई कुठेच दिसत नव्हत्या. मी विचारले, “गेल्या काही महिन्यांतला कोणता रुग्ण तुमच्या मनातून गेला नाही?” थोड्या वेळाने त्यांनी एका आजींविषयी सांगितले. नातवंडे सांभाळायला मुलाकडे येऊन राहिलेल्या त्या आजी छातीत धडधडते म्हणून चौथ्यांदा आल्या होत्या. सगळ्या तपासण्या व्यवस्थित होत्या आणि मुलगा दुभाष्या म्हणून शेजारी बसला होता. ताईंनी त्याला बाहेर थांबायला सांगून मराठीत एवढेच विचारले, “आजी, झोप लागते का?” आजींना रडू कोसळले. मानसोपचाराची पुढची भेट मिळाली ती अडीच महिन्यांनंतरची. “त्या अडीच महिन्यांत मी त्यांच्यासाठी काय करू शकत होते आणि काय नाही, हेच मला सारखं आठवतं,” असे ताई म्हणाल्या. तेच लिहा, असे मी सांगितले. आजींची ओळख पटणार नाही याची काळजी घेऊन त्यांनी ते लिहिले, आणि पत्र दोन पानांवरून एका पानावर आले.

आता प्रिसेप्टरविषयी, म्हणजे प्रत्यक्ष कामावर देखरेख करून शिकवणाऱ्या व्यक्तीविषयी. प्रत्यक्ष रुग्णसेवेचे तास कोणाच्या देखरेखीखाली करायचे, ती व्यक्ती आणि ती जागा विद्यापीठ शोधून देईल असे ताईंनी गृहीत धरले होते. अनेक ठिकाणी, विशेषतः ऑनलाइन अभ्यासक्रमांत, हे काम विद्यार्थ्यावर सोडलेले असते. तासही थोडे नसतात: २०२२ साली सुधारलेल्या राष्ट्रीय निकषांत नर्स प्रॅक्टिशनरच्या अभ्यासक्रमासाठी किमान तास ५०० वरून ७५० करण्यात आले. जुन्या तासांतले किती धरले जातील, प्रिसेप्टर कोण शोधणार, आणि आपण राहतो त्या राज्यातून प्रवेश मिळतो का, हे तीन प्रश्न ताईंनी अर्जाचे शुल्क भरण्याआधी यादीतल्या चारही विद्यापीठांना ईमेलने विचारले. एकाने मोघम उत्तर दिले. ते आम्ही यादीतून काढले.

उरलेल्या तिघांपैकी दोघांनी प्रवेश देऊ केला. गॅप ॲनालिसिसचा तक्ता आला तेव्हा विकृती-शरीरक्रियाशास्त्र आणि तपासणी हे विषय धरलेले होते. औषधशास्त्र जुने झाल्याने पुन्हा करायचे होते. ताई हिरमुसल्या. मला मात्र ते योग्य वाटले आणि मी तसे सांगितलेही, कारण यापुढे त्या रोज लिथियमसारखी औषधे लिहून देणार, जिथे रक्तातील पातळी, मूत्रपिंडाचे काम आणि रुग्ण घेत असलेली इतर औषधे यांवर सतत लक्ष ठेवावे लागते. सध्या त्यांचा तोच विषय चालू आहे. दवाखान्यातल्याच एका सहकाऱ्याच्या ओळखीने प्रिसेप्टर मिळाली असून, जानेवारीपासून ताई दर गुरुवारी आणि शुक्रवारी तिच्याकडे जाणार आहेत.