टाइमआउट आला म्हणून बिल नंबर बदलू नका (ई-इनव्हॉइस, एरर २१५०)

तुमच्या प्रश्नातलं शेवटचं वाक्य वाचलं आणि लगेच लिहायला बसलो: "सपोर्टवाले म्हणतात, २१५० येत असेल तर बिल नंबरपुढे 'ए' लावून परत पाठवा." कृपा करून असं करू नका. आजची बिलं पाठवायच्या आधी एवढं वाचा.

मध्येच वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. प्रश्न विचारणाऱ्यांनी बिलिंग ॲपमधून ई-इनव्हॉइस (जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर नोंदवायचं बिल) काढायला पायथनमध्ये स्क्रिप्ट लिहिली आहे. सरकारी पोर्टलशी थेट न बोलता मधल्या एका कंपनीच्या एपीआयमार्फत (प्रोग्रामने प्रोग्रामशी बोलायची सोय). सँडबॉक्समध्ये, म्हणजे चाचणीच्या जागी, सगळं सुरळीत होतं. लाइव्हवर अधूनमधून टाइमआउट येतो (वेळेत उत्तरच येत नाही), तेच बिल पुन्हा पाठवलं की '२१५० डुप्लिकेट आयआरएन' येतं, आणि आयआरएन (पोर्टल बिलाला देतं तो नोंदणी क्रमांक) काही हाती लागत नाही.

टोकन (लॉगिनची खूण) घेणं, जेसन (पाठवायचा बिलाचा डेटा) बांधणं हे तुम्हाला जमलेलंच दिसतंय, त्यात शिरत नाही.

आमचं शिरोली एमआयडीसीत मशीनिंगचं युनिट आहे. १ ऑगस्ट २०२३ ला उलाढालीची मर्यादा १० कोटींवरून ५ कोटींवर आली, तेव्हा आम्हीही ई-इनव्हॉइसच्या कक्षेत आलो. संध्याकाळी माल भरून गाडी गेटवर उभी, ड्रायव्हर दर पाच मिनिटांनी ऑफिसच्या दारात, आणि स्क्रिप्ट टाइमआउट खाऊन बसलेली. परत पाठवलं की २१५०. आयआरएनबरोबरचा क्यूआर कोड नाही म्हणजे बिल छापता येत नाही. छापलं तरी उपयोग नाही, कारण ज्याला ई-इनव्हॉइस लागू आहे त्याचं आयआरएनशिवायचं बिल नियम ४८(५) प्रमाणे बिल धरलंच जात नाही.

मधल्या कंपनीला फोन लावला. (नाव घेत नाही, विचारूही नका.) उत्तर मिळालं, "सर, नंबर चेंज करून टाका, होऊन जाईल." अकाउंट्सच्या ताईंनी तसं केलं आणि खरंच झालं. गाडी गेली. मग काय, तोच रिवाज पडला. टाइमआउट आला की नंबरला शेपूट लावायचं.

आता हे 'होऊन जातं' कसं, ते बघा. आयआरएन म्हणजे ६४ अक्षरांचा हॅश (दिलेल्या माहितीवरून गणिताने निघणारी खूण). तो चार गोष्टींवरून बनतो: विक्रेत्याचा जीएसटीआयएन (जीएसटी नोंदणी क्रमांक), आर्थिक वर्ष, डॉक्युमेंटचा प्रकार आणि डॉक्युमेंट नंबर. ग्राहक कोण, माल काय, रक्कम किती, यातलं काहीही त्यात नाही. म्हणजे नंबर तोच ठेवून रक्कम बदललीत तरी २१५० येणार. आणि माल, ग्राहक, रक्कम सगळं तेच ठेवून नंबर बदललात, तर पोर्टलच्या लेखी ती दुसरी विक्री.

टाइमआउट आला तेव्हा पहिलं बिल पोर्टलवर पोचून नोंदलंही गेलं होतं, फक्त उत्तर परत येताना वाटेत अडकलं. २१५० हा त्याचाच पुरावा. त्यावर नंबर बदलून पाठवलं की एका गाडीची दोन बिलं उभी राहतात. दोन्ही आपोआप आपल्या जीएसटीआर-१ मध्ये (विक्रीच्या विवरणपत्रात) उतरतात आणि ग्राहकाच्या जीएसटीआर-२बी मध्येही (खरेदीवरच्या कर-क्रेडिटच्या यादीत) दिसतात. आमच्या ग्राहकाच्या परचेस विभागाने दुप्पट बिलं पाहून सगळंच पेमेंट रोखलं, वादात नसलेल्या बिलांचंसुद्धा. आयआरएन पोर्टलवर रद्द करायला मुदत फक्त २४ तास, ती कधीच उलटलेली. शेवटी सीएंच्या सांगण्यावरून एकेका बिलाला क्रेडिट नोट (बिलाची रक्कम वजा करणारा कागद) काढली, आणि तिलाही पुन्हा आयआरएन लागतोच.

त्या कंपनीकडे तक्रार केली तर तिकीट 'रिझॉल्व्ह्ड'. पुन्हा उघडलं की नवा माणूस, पुन्हा जीएसटीआयएन सांगा, पुन्हा स्क्रीनशॉट पाठवा. एपीआयच्या उत्तराचा स्क्रीनशॉट! मी टेक्स्ट फाइल जोडली होती, ती "ओपन होत नाही" म्हणाले. असो.

खरी मेख पुढे कळली. मूळ पोर्टल २१५० देतं तेव्हा नुसतं 'डुप्लिकेट' म्हणून थांबत नाही. एररच्या यादीशेजारी माहितीची वेगळी यादी असते. तिच्यात 'डुपआयआरएन' असा कोड आणि त्याखाली आधीच निघालेला आयआरएन, ॲक (पोचपावतीचा) नंबर आणि ॲक तारीख. म्हणजे हवं ते सगळं त्याच उत्तरात. आमच्या मधल्या कंपनीने 'उत्तर सोपं करून देण्याच्या' नादात ती यादीच गाळली होती. वर स्टेटस कोड कायम २०० (म्हणजे 'सगळं ठीक'), एरर असो वा नसो. तेव्हा तुम्ही नुसता २०० तपासत असाल तर तेही आधी बदला. उत्तराच्या आतलं स्टेटस बघायचं.

मी आता असं करतो (माझं मत, यापेक्षा चांगलं कुणाकडे असेल तर सांगा):

बिल पाठवायच्या *आधी* डेटाबेसमध्ये त्याची अवस्था 'पाठवलं, उत्तर नाही' अशी लिहितो. उत्तर आलं की 'झालं' किंवा 'नाकारलं'. टाइमआउट आला तर अवस्था आहे तशीच राहते, आणि त्या अवस्थेतल्या बिलाचा नंबर बदलायला ॲपमध्ये कुणालाच परवानगी नाही, मालकांनाही नाही. मग डॉक्युमेंटचा नंबर, प्रकार आणि तारीख देऊन आयआरएन विचारायची जी सोय आहे, तिथे आधी विचारतो. मिळाला तर प्रश्न संपला. नाहीच म्हणाले, तर तेच बिल त्याच नंबराने पुन्हा. तरी २१५० आलं तर त्या दुसऱ्या यादीतून आयआरएन उचलतो. त्या यादीत सही केलेला क्यूआर नसतो, तो आयआरएन देऊन वेगळा मागवावा लागतो. हे काम त्याच दिवशी उरका, जुन्या बिलांचा तपशील एपीआयवर फार दिवस मिळत नाही.

क्रॉन (ठरल्या वेळी स्क्रिप्ट आपोआप चालवणारी सोय) लावला असेल तर आधीची फेरी संपल्याशिवाय दुसरी सुरू होणार नाही असं लॉक ठेवा. गेलेलं जेसन आणि आलेलं उत्तर, दोन्ही कच्चं, न कापता साठवा. माझ्या मते सपोर्टशी भांडताना तेवढंच कामाला येतं.

मधली कंपनी घ्यावी की थेट जोडावं? आमच्यासारख्या लहान युनिटला एन्क्रिप्शनची उठाठेव झेपत नाही, म्हणून कंपनी घेतलेली बरी. पण पैसे भरण्याआधी एवढं लेखी विचारा: "२१५० आल्यावर पोर्टलचं मूळ उत्तर जसंच्या तसं देता का?" आम्ही नंतर कंपनी बदलली ती याच एका प्रश्नावर.

आणखी एक, तुम्ही विचारलं नाहीये तरी. तुमची स्क्रिप्ट क्लाउड सर्व्हरवर आहे म्हणालात. सर्व्हरचं घड्याळ बहुधा यूटीसीवर (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) असेल, म्हणजे रात्री १२ ते पहाटे ५:३० मधल्या बिलावर आदल्या दिवसाची तारीख पडेल. एरवी एवढं बिघडत नाही, पण १ एप्रिलच्या पहाटे निघालेलं बिल ३१ मार्चच्या तारखेने गेलं तर आर्थिक वर्षच बदलतं. तुमची नंबर मालिका दरवर्षी १ पासून सुरू होत असेल तर गेल्या वर्षीच्या १ नंबरशी टक्कर होऊन २१५० येईल, आणि तेव्हा त्या यादीतला आयआरएन भलत्याच बिलाचा असेल. म्हणून यादीतली ॲक तारीख आपल्या बिलाशी ताडून बघितल्याशिवाय आयआरएन चिकटवू नका.

मी सीए नाही. क्रेडिट नोट काढायची की जीएसटीआर-१ मध्ये दुरुस्ती करायची, हे तुमच्या सीएंना विचारा. शेपूट लावलेली बिलं आधीच गेली असतील तर त्यातली २४ तासांच्या आतली कुठली आहेत ते आत्ता बघा. शेपटाचं बिल रद्द करा, मूळ बिल ठेवा. आणि शेपटाच्या बिलावर ई-वे बिल (मालवाहतुकीचा ऑनलाइन कागद) निघालं असेल तर आधी त्याचं काय करायचं ते बघा, ते चालू असताना आयआरएन रद्द होत नाही.

२१५० चं आलेलं उत्तर जीएसटीआयएन खोडून इथे टाकाल का? ती दुसरी यादी तुमच्याकडे येते की नाही, ते बघून पुढचं सांगतो.