बाळ गुटगुटीत आहे, मग लोहाचे थेंब कशाला?

तुमचं बाळ पाच महिन्यांचं, फक्त अंगावर पिणारं, वजनही छान वाढतंय. तरी डॉक्टरांनी लोहाचे थेंब लिहून दिले, म्हणजे माझ्या दुधातच काही कमी आहे का, असं तुम्ही विचारलंय.

नाही हो. माझ्या पहिल्या मुलीच्या वेळी मीही हेच मनाला लावून घेतलं आणि ज्यात लोह असतं असं कानावर आलं ते ते खात सुटले. माझ्या तब्येतीला बरं, पण तिला त्याचा काही उपयोग नव्हता. आई काहीही खावो, दुधातलं लोह जवळपास तेवढंच राहतं, लिटरमागे अर्ध्या मिलिग्रॅमहूनही कमी. ते अंगी चांगलं लागतं, पण मुळात थोडंच.

बाळाची खरी भिस्त असते ती पोटातून आणलेल्या शिदोरीवर. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या अंगात किलोमागे सुमारे 75 मिलिग्रॅम लोह असतं, आणि त्यातलं बरंचसं शेवटच्या तीन महिन्यांत जमतं. म्हणून आधी जन्मलेल्या किंवा कमी वजनाच्या बाळाची शिदोरी लहान. नाळ मिनिटभर थांबून कापली तर थोडी भर पडते. दोन-तीन महिन्यांचं असताना हिमोग्लोबिन उतरतं, ते मात्र सगळ्याच बाळांचं. त्याला घाबरू नका.

चार ते सहा महिन्यांत शिदोरी संपत येते. आणि गंमत म्हणजे भराभर वाढणाऱ्या बाळाची आधी संपते, कारण वाढत्या अंगाला रक्तही जास्त लागतं! आमची गुबगुबीत होती, दिवसभर खिदळायची. नवव्या महिन्यात लस द्यायला नेलं तेव्हा डॉक्टरांनी तिची खालची पापणी जराशी ओढली. आतली कड गुलाबी असायला हवी, ती पांढुरकी होती. हिमोग्लोबिन निघालं 9.2, म्हणजे कमीच.

आधी साठा आटतो, हिमोग्लोबिन त्यानंतर घसरतं. साठा कळतो फेरिटिनवरून, म्हणजे लोह साठवून ठेवणाऱ्या प्रथिनाच्या रक्ततपासणीवरून. ती तपासणी बाळाला ताप-सर्दी नसताना करा, आजारपणात आकडा उगाच वाढलेला दिसतो.

थेंब चौथ्या महिन्यापासून द्यावेत की सहाव्यात वरचं अन्न सुरू होईपर्यंत थांबावं, यावर डॉक्टरांतही दोन मतं आहेत. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2010 साली सांगितलं ते चार महिन्यांपासून, किलोमागे रोज 1 मिलिग्रॅम. तुमच्या डॉक्टरांचा हिशोब बहुधा हाच असावा. मला विचाराल तर मी देईन. फक्त घरात कुणाला थॅलेसेमिया, म्हणजे रक्ताचा आनुवंशिक आजार, असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा.

वरचं सुरू झालं की डाळी, अंडं, चालत असेल तर मांस, सोबत आंबट फळ. गाईचं दूध पेला भरून प्यायला वर्षापर्यंत नको. त्यात लोह नगण्य, शिवाय काही बाळांच्या आतड्यातून नकळत रक्त झिरपतं.

थेंब गालाच्या आत सोडा, दात आले असतील तर डाग पडतात. शी काळपट होईल, पहिल्यांदा लंगोट उघडून मी किंचाळलेच होते. आणि बाटली कपाटात वरच्या फळीवर ठेवा. मोठं भावंड असेल तर जास्तच, कारण हे औषध एकदम जास्त पोटात गेलं तर जिवावर बेततं.