‘थिंक’साठी स्वीडिश क्रियापद कोणते?

इंग्रजी ‘थिंक’साठी स्वीडिश शब्दकोशात ‘तेंका’, ‘त्रू’ आणि ‘त्युक्का’ ही तीन क्रियापदे दिलेली असतात. त्यांतले कोणते केव्हा वापरावे, अशी विचारणा झाली आहे. ही तिन्ही एकमेकांच्या जागी चालत नाहीत. माझा आग्रह असा, की इंग्रजी वाक्य आधी मराठीत म्हणून पाहावे. ‘नो’ या इंग्रजी क्रियापदाच्या बाबतीत तर मराठी आणि स्वीडिश यांची जोडी सुरेख जमते : माहीत असणे म्हणजे ‘वेता’, माणसाला ओळखणे म्हणजे ‘शेन्ना’ आणि भाषा येणे म्हणजे ‘कुन्ना’.

‘तेंका’ म्हणजे मनात विचार करणे. त्याच्यापुढे दुसरे क्रियापद थेट आले, की बेत सांगितला जातो. ‘याग तेंकेर रेसा’ म्हणजे ‘प्रवासाला जाण्याचा माझा विचार आहे’.

खरी अडचण उरलेल्या दोन क्रियापदांची आहे, कारण दोन्हींसाठी आपण ‘वाटते’ असेच म्हणतो. सूपचा घोट घेऊन ‘मला हे खारट वाटते’ म्हटले, तर तेथे ‘त्युक्का’ हवे, कारण ते चाखून झालेले मत आहे. सूप अजून चाखलेले नाही, पण त्यात दोनदा मीठ पडताना पाहिले आहे, म्हणून ‘ते खारट असेल असे वाटते’ म्हटले, तर ‘त्रू’ हवे, कारण तो अंदाज आहे आणि तो खरा की खोटा हे चमचाभर सूप सांगेल. न चाखता ‘त्युक्का’ वापरले, तर आपण सूप चाखले आहे, असाच ऐकणाऱ्याचा समज होईल.

म्हणून वाक्यात ‘असेल’ बसते का, ते पाहावे; बसले तर ‘त्रू’. ‘असावा’वर मात्र विसंबू नये. ‘दिवा बंद असावा असे मला वाटते’ हे वाक्य अंदाजाचेही असू शकते आणि दिवा बंद ठेवणे योग्य, या मताचेही. पहिल्या अर्थी ‘त्रू’ येईल, दुसऱ्या अर्थी ‘त्युक्का’. काय व्हावे, काय करावे याविषयीचे मत अनुभवावर आधारलेले नसले तरी ते ‘त्युक्का’नेच सांगतात.

‘त्युक्का’ला ‘ओम्’ जोडून त्या ‘ओम्’वर आघात दिला, की मात्र अर्थ ‘आवडणे’ असा होतो : ‘याग त्युक्केर ओम् काफे’, म्हणजे ‘मला कॉफी आवडते’.