18 फुटी फायबर बोटीला कुठला नांगर घ्यावा?

मांडव्याला बोट ठेवणार आणि दुकानदार चार आकड्यांचा ग्रॅपनेलच घ्या म्हणतोय, असं तुम्ही लिहिलंय, पण तो खडकात अडकायला चांगला, चिखलात नुसता ओढला जातो. वजनापेक्षा आधी तळ बघा. मांडवा, धरमतर खाडीकडे चिखल जास्त, तिथे रुंद चपट्या पात्यांचा डॅनफोर्थ बेस्ट, 18 फुटाला 4-5 किलोचा गॅल्व्हनाइज्ड पुरतो. एकच दोष, वारा किंवा पाण्याची ओढ फिरली की तो कधीकधी उपटतो आणि लगेच परत रुततोच असं नाही, म्हणून रात्रभर राहणार असाल तर फाळाच्या आकाराचा घ्या. गंमत म्हणजे तसला सीक्यूआर नावाचा नांगर जी. आय. टेलर या इंग्रज शास्त्रज्ञाने 1933 च्या सुमारास काढला, आपण तर पहिल्यापासून नांगरच म्हणतो!

आता खरं महत्त्वाचं, दोरी. तिकडे उधाणाला पाणी 4 मीटर सहज चढतं. ओहोटीला 3 मीटर पाण्यात टाकलात तर भरतीला 7, त्यात नाळेची, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाची, पाण्यापासून उंची 1 मीटर, झाले 8, त्याच्या पाचपट म्हणजे 40 मीटर सोडायची आणि वारा असेल तर सातपट, 56. दोरी नायलॉनचीच, ती ताणते आणि झटका खाते, पॉलिप्रॉपिलीनची तरंगते आणि इंजिनच्या पंख्यात जाते. नांगराला लागून निदान बोटीच्या लांबीएवढी साखळी हवीच, तिच्या वजनाने ओढ आडवी राहते म्हणून पातं रुततं, प्लीज त्यात पैसे वाचवू नका.