बॅटरी काढून वर नेता येते का?

प्रश्न : मी गिरगावात चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहते. वय ४९. ऑफिस वरळी नाक्याजवळ, एका बाजूला साधारण ७ किलोमीटर. इलेक्ट्रिक सायकल घ्यायची आहे. गुडघे दुखतात. दुकानदार म्हणतो, ‘५०० वॅटची मोटर घ्या, पेडर रोडचा चढ सहज निघेल, लायसन्स लागत नाही.’ माझा १५ वर्षांचा मुलगाही ती चालवणार आहे. कोणती घेऊ?

उत्तर : ताई, मोटरच्या आधी तुमच्या जिन्याचं बोलतो. या सायकली २० ते २५ किलोच्या असतात. दुखऱ्या गुडघ्यांनी रोज दोन मजले ती चढवणं तुम्हाला जमणार नाही आणि जमवूही नका. सायकल खाली साखळीने बांधायची आणि फक्त बॅटरी घरात आणायची. म्हणून दुकानात पहिली मागणी हीच करा : ‘बॅटरी किल्लीने काढून दाखवा.’ काही मॉडेलांत ती दांड्याच्या आत कायमची बसवलेली असते. दिसायला सुबक, पण चाळीत राहणाऱ्याच्या कामाची नाही. सुटी निघणारी बॅटरी साधारण तीन किलोची असते, भाजीच्या पिशवीएवढी.

आता ती केवढी हवी? बॅटरीवर लिहिलेले व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर करा, म्हणजे तिच्यात किती वीज मावते ते कळतं. ३६ व्होल्ट, १० अँपिअर-अवर म्हणजे ३६० वॅट-अवर. पायडल मारत चाललात तर किलोमीटरला साधारण १० वॅट-अवर जातात, पायडल न मारता नुसती हँडलची मूठ पिळून मोटरवर गेलात तर १५ ते २०. तुमचे जाऊन-येऊन १४ किलोमीटर, म्हणजे मूठ पिळतच गेलात तरी २८० च्या आत. ३६० पुरेशी आहे, आणि दोन-तीन वर्षांनी बॅटरीची ताकद थोडी उतरली तरी अडणार नाही. जाहिरातीतल्या किलोमीटरवर जाऊ नका. तो आकडा सपाट रस्त्यावर, कमीत कमी मोटर वापरून काढलेला असतो. आपल्याकडे दर दोन मिनिटांनी सिग्नल.

५०० वॅटचं मात्र मला पटलेलं नाही. लायसन्स आणि नोंदणीतून सूट आहे ती २५० वॅटपर्यंतच्या आणि ताशी २५ किलोमीटरच्या वर न जाणाऱ्या गाडीला. त्यापुढची गाडी कायद्याने मोटार वाहन ठरते. उद्या कुणाला धक्का लागला, तर विना नोंदणी, विना विमा गाडी चालवल्याचा ठपका तुमच्यावर येईल, दुकानदारावर नाही. मुलगा चालवणार असेल तर हे दुप्पट महत्त्वाचं. २५० वॅटचीच घ्या आणि चाचणी संस्थेचं मान्यतापत्र मागा. पुण्याची एआरएआय हे काम करते. मुलाच्या डोक्यावर हेल्मेट हवंच, कायद्याने लागो न लागो.

पेडर रोडसाठी तर मोठी मोटर नकोच, कारण तो रस्ताच तुम्हाला नको. नाना चौकातून ताडदेव, तिथून हाजी अली आणि पुढे वरळी नाका, असं गेलात तर जवळजवळ सगळं सपाट आहे. कोस्टल रोडवर सायकलला बंदी आहे.

गुडघ्यांचं सांगतो. पायडलची मदत दोन तऱ्हेने मिळते. स्वस्त सायकलीत पायडल फिरतंय एवढंच मोटरला कळतं. ती किंचित उशिराने सुरू होते आणि मग हिसका देते. टॉर्क सेन्सर असलेली सायकल तुमच्या पायाचा जोर ओळखून तेवढीच साथ देते. परवडली तर हीच घ्या. नाहीतर निदान मोटरसाठी पिळायची मूठ असलेली घ्या, म्हणजे सिग्नल सुटल्यावर पहिला जोर गुडघ्यावर येणार नाही. पैसे वाचवायचे तर स्क्रीन आणि मोबाइल अ‍ॅपवर वाचवा, डिस्क ब्रेकवर नाही.

पावसाळ्याचं मी अनुभवाने लिहितो. चाळीस वर्षं मोटर रिवाइंडिंग केलं, म्हणजे जळालेल्या मोटरींची तार नव्याने गुंडाळली, तरी दादरच्या हिंदमाताला गुडघाभर पाण्यातून माझी सायकल ढकलत नेली. दुसऱ्या दिवशी ती चालली, तिसऱ्या आठवड्यात बंद पडली. चाकातली मोटर उघडली तर आत गंज, आणि वायरच्या जोडावर हिरवा थर. पावसाचे शिंतोडे ती सोसते. बुडणं सोसत नाही. पाणी चाकाच्या मध्यापर्यंत दिसलं की थांबा, नाहीतर दुसऱ्या रस्त्याने जा. ओली बॅटरी कोरडी पुसून, तासभर ठेवून मगच चार्जिंगला लावा.

चार्जर सायकलीबरोबर आलेलाच वापरा. ३६ व्होल्टची बॅटरी ४२ व्होल्टला पूर्ण भरते. ४८ व्होल्टवाल्या बॅटरीचा चार्जर ५४ च्या वर जातो. पिन बसते म्हणून शेजाऱ्याचा लावला तर आग लागू शकते. चार्जिंग तुम्ही जाग्या असताना करा, आणि दाराच्या तोंडाशी किंवा जिन्यात कधीच नाही. काही झालं तर बाहेर पडायची वाट तीच असते. २ अँपिअरच्या चार्जरने पाच-साडेपाच तास लागतात, वीज अर्धा युनिटही जात नाही.

घेण्याआधी नाक्यावरच्या पंक्चरवाल्याला विचारून या. बहुतेक सायकलींत मागच्या चाकात मोटर असते, त्यामुळे चाक काढताना वायर सोडवावी लागते. चाक न काढता टायर एका बाजूने उतरवून ट्यूबला ठिगळ लावणारा कारागीर जवळ असेल तर तुमचं रोजचं जाणं-येणं अडणार नाही. आणि दुकानात चालवून बघताना एकदा मोटर बंद करून पायडल मारा. तशीही ती तुम्हाला घरापर्यंत आणता आली पाहिजे.