वाचकांचे प्रश्न : सेट बंद पडल्यावर हुकूम कोण देतो?

प्रश्न : सर, नमस्कार. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि एनसीसीच्या 'सी' सर्टिफिकेटची तयारी करते आहे. युक्रेन युद्धावरून आमच्या ग्रुपमध्ये रोज वाद होतो. एक जण म्हणतो, रशियाची कमांडच ढिसाळ आहे. दुसरा म्हणतो, युक्रेनचं सगळं स्टारलिंकवर, म्हणजे उपग्रहावरच्या इंटरनेटवर चालतं, ते बंद पडलं की खेळ संपला. एखाद्या सैन्याची कमांड आणि संपर्कव्यवस्था कुठे कच्ची आहे, हे घरबसल्या ओळखायचं कसं?
– एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : बेटा, मी सगळी नोकरी सिग्नल्समध्ये, म्हणजे लष्कराच्या संपर्कदलात केली. तरीही कोणाकडे किती भारी वायरलेस सेट आहेत, हे मी शेवटी पाहतो. आधी पाहतो ते हे, की वरिष्ठांशी संपर्क तुटल्यावर खालचा अधिकारी काय करतो.

रशियाचं उदाहरण घे. फेब्रुवारी 2022 मध्ये कीव्हच्या वाटेवर त्यांच्या गाड्यांची सुमारे 64 किलोमीटरची रांग अडकून पडली. त्यांच्याकडे सांकेतिक संदेशांचे डिजिटल सेट होते, पण सगळ्यांकडे नव्हते. आपल्याकडे चांगला सेट आणि शेजारच्या तुकडीकडे जुना, असं झालं की दोघांनाही संकेताशिवाय, कोणालाही ऐकू येईल असं उघड बोलावं लागतं. मग बाजारातले स्वस्त चिनी वॉकीटॉकी आले आणि हौशी लोकांनी घरी बसून त्यांचं बोलणं रेकॉर्ड केलं. त्यात मोहीम इतकी गुप्त ठेवलेली, की कित्येक सैनिकांना आपण युद्धावर निघालोय हे ऐनवेळी कळलं. फ्रिक्वेन्सी, कॉल साइन (सेटवर बोलताना घ्यायची ठरलेली नावं), संकेत उलगडण्याच्या चाव्या हे सगळं आधी वाटून, त्याचा सराव करून घ्यावा लागतं. आदल्या रात्री ते होत नाही.

पण मला जास्त खटकतं ते वरचं. सुरुवातीला सगळ्या आघाड्यांवर मिळून एक सेनापतीच नव्हता. ऑक्टोबर 2022 मध्ये सुरोविकिन यांची नेमणूक जाहीर झाली आणि जानेवारी 2023 मध्ये त्यांच्या जागी खुद्द सेनाप्रमुख गेरासिमोव्ह आले. मेजर जनरल सुखोवेत्स्की तर युद्धाच्या पहिल्याच आठवड्यात मारले गेले. इतका मोठा अधिकारी इतका पुढे का जातो? धाडस असतंच. पण हवालदार-सुभेदाराच्या पातळीवर निर्णय घेणारी माणसं तयार केलेली नसली, की अडलेली गाडी हलवायलाही जनरललाच यावं लागतं.

आता एक सावधगिरी. तू मोबाइलवर ऐकतेस त्या पकडलेल्या संभाषणांवरून सगळ्या फौजेची परीक्षा करू नकोस. जी तुकडी शिस्तीत बोलते ती तुला ऐकूच येत नाही. ऐकू येते ती बेशिस्त, आणि तीही शत्रूनं निवडून प्रसिद्ध केलेली. तसंच, कारण कोण सांगतंय तेही पाहा. 1 जानेवारी 2023 ला रशियाच्या ताब्यातल्या माकीव्हका इथे सैनिक राहत असलेल्या एका इमारतीवर युक्रेनची रॉकेट पडली. रशियानं 89 सैनिक गेल्याचं मान्य केलं आणि दोष दिला सैनिकांच्या मोबाइलला. मोबाइलवरून ठावठिकाणा लागतो, हे खरंच आहे. पण इतकी माणसं एका छताखाली कोणी ठेवली? तो सैनिकाचा निर्णय नव्हता. मेलेल्या पोरांवर खापर फोडलेलं मला अजिबात सहन होत नाही.

आम्ही मुख्यालय उभारायचो तेव्हा अँटेना कमांडरच्या तंबूपासून चांगली लांब न्यायचो. केबल ओढून लाईन पार्टीच्या पोरांच्या तळहाताला फोड यायचे, कुरकुर व्हायची. पण शत्रूचं यंत्र शोधतं ते अँटेनाला, म्हणून कमांडर तिच्याजवळ नको. आज प्रत्येकाच्या खिशात एक अँटेना आहे.

युक्रेनचं म्हणशील, तर तुझ्या दुसऱ्या मित्राची भीती खोटी नाही. 24 जुलै 2025 ला स्टारलिंक जगभर सुमारे अडीच तास बंद होतं आणि आघाडीवरच्या ड्रोन पथकांची पंचाईत झाली. तरी आघाडी कोसळली नाही. त्यांचं खरं दुखणं दोन ब्रिगेडच्या सांध्यावर आहे. एप्रिल 2024 मध्ये पूर्व युक्रेनमधल्या ओचेरेतिनेजवळ एक ब्रिगेड निघून दुसरी यायची होती, त्याच वेळी रशियन आत घुसले. अनेक ब्रिगेडवर कायमचं एक मुख्यालय असावं म्हणून कोअर उभारणं त्यांनी 2025 मध्ये हाती घेतलं. फार उशीर केला, असं माझं मत आहे.

आणि हे समजून घ्यायला युक्रेनलाच जायला हवं असंही नाही. सीताबर्डीवर खरेदीला जातेस तेव्हा किल्ल्याकडे बघ. नोव्हेंबर 1817 मध्ये तिथल्या लढाईत नागपूरकर भोसल्यांची फौज इंग्रजांच्या कितीतरी पट होती. भोसल्यांच्या पदरच्या अरब शिपायांनी तिथली छोटी टेकडी घेतलीही होती. खाली इंग्रजांचा घोडदळाचा कप्तान फिट्झजेराल्ड जागा सोडू नये या हुकमानं बांधलेला. त्यानं पुनःपुन्हा परवानगी मागितली. शेवटी उत्तर आलं, जायचं तर स्वतःच्या जोखमीवर जा. तो गेला, तोफा हिसकावल्या आणि लढाईचं पारडं फिरलं. इकडे राजे आप्पासाहेब भोसल्यांनी मागाहून दरबारातले इंग्रज प्रतिनिधी, रेसिडेंट जेन्किन्स यांना कळवलं, की हल्ला आपल्या हुकमानं झालाच नाही. नागपूरकर म्हणून हे लिहिताना आजही जिवाला लागतं. धन्याचा हुकूमच संशयात असेल, तर शूर अरबांनी तरी काय करावं?

प्रश्न : माझा मुलगा फौजेत आहे. कमांड आणि संपर्काचे हे दोष आपल्याकडे दूर झाले का?
– एक वाचक, कामठी

उत्तर : दादा, बरेच झाले, सगळे नाहीत. 1962 च्या चीन युद्धात नेफातले (आजच्या अरुणाचलातले) कोअर कमांडर जनरल कौल आजारी होऊन दिल्लीला आले आणि घरच्या पलंगावरून लढाई चालवत राहिले. आज तसं कोणी चालू देणार नाही. कारगिलनंतर सुचवलेला बदल व्हायला वीस वर्षं लागली आणि 1 जानेवारी 2020 ला पहिले सीडीएस, म्हणजे तिन्ही दलांत समन्वय ठेवणारे संरक्षणदल प्रमुख आले. मे 2025 मध्ये लष्कराच्या 'आकाशतीर' या हवाई संरक्षण यंत्रणेनं आणि वायुदलाच्या हवाई संरक्षण जाळ्यानं मिळून पाकिस्तानी ड्रोन अडवले, ही मोठीच प्रगती. पण आपल्या वायुसेनानगरात वायुदलाची मेंटेनन्स कमांड, पुण्यात लष्कराची सदर्न कमांड, मुंबईत नौदलाची वेस्टर्न कमांड, आणि तिघांचे साहेब वेगवेगळे. थिएटर कमांडची, म्हणजे एका भागातली तिन्ही दलं एकाच सेनापतीखाली आणायची चर्चा म्हणूनच चालली आहे. मुलगा सुट्टीवर आला की त्याला एवढंच विचारा : सरावात तुमच्या कंपनी कमांडरचा सेट मुद्दाम बंद करतात का, आणि केला तर पुढचे हुकूम कोण देतं?