काउंटीच्या कोर्टातून मृत्युपत्राची नक्कल मागवताना

अमेरिकेत वारलेल्या नातेवाइकांच्या मृत्युपत्रांबद्दल आणि प्रोबेटच्या (मृत्युपत्र कोर्टात सिद्ध करून घेण्याच्या) कागदांबद्दल बरीच पत्रं आली. त्यांतले लहान, आडगावच्या काउंट्यांशी (काउंटी म्हणजे राज्यातला जिल्ह्यासारखा विभाग) संबंध असलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : माझे काका टेक्सासमधल्या एका छोट्या गावात डॉक्टर होते. २०११ साली ह्यूस्टनच्या रुग्णालयात वारले. ह्यूस्टनच्या काउंटी क्लार्कला (काउंटीचे दस्त सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याला) पत्र लिहिलं, तर ‘नोंद नाही’ असं उत्तर आलं. काकांनी मृत्युपत्र केलं होतं हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

उत्तर : क्लार्कचं उत्तर बरोबर असणार, पत्र चुकीच्या काउंटीत गेलं. माणूस कुठे वारला यावर प्रोबेट ठरत नाही. त्याचं कायमचं घर ज्या काउंटीत होतं, तिथे प्रकरण दाखल होतं. गंभीर आजारी माणसाला मोठ्या शहरात हलवतात, त्यामुळे हा घोटाळा नेहमी होतो.

काकांचा मृत्यूचा दाखला काढून बघा. त्यात काउंटीचे दोन रकाने असतात, एक मृत्यू झाला त्या ठिकाणाचा आणि एक राहत्या घराचा. तुम्हाला दुसरा हवा. दाखला नसेल तर घरपट्टीचं जुनं बिल चालेल. नुसत्या झिप कोडवर (तिकडच्या पिन कोडवर) मात्र जाऊ नका, एकच झिप कोड दोन काउंट्यांत पसरलेला असू शकतो.

काउंटी कळली की कचेरी कोणती, हा पुढचा प्रश्न. अमेरिकेत प्रोबेट हा राज्यांचा विषय असल्यामुळे राज्यागणिक पाटी बदलते. टेक्सासमध्ये हे कागद काउंटी क्लार्ककडे असतात. आठ हजारांहून कमी वस्तीच्या काउंटीत तिथे काउंटी क्लार्क आणि डिस्ट्रिक्ट क्लार्क ही दोन्ही कामं एकच व्यक्ती बघू शकते. न्यूयॉर्कमध्ये सरोगेट्स कोर्ट, पेनसिल्व्हेनियात रजिस्टर ऑफ विल्स, कॅलिफोर्नियात सुपीरियर कोर्ट, जॉर्जिया आणि ओहायोत प्रोबेट कोर्ट, विस्कॉन्सिनमध्ये रजिस्टर इन प्रोबेट. लुइझियानात काउंटीऐवजी पॅरिश असते आणि प्रकरणाला ‘सक्सेशन’ म्हणतात. कनेक्टिकटमध्ये तर काउंटी विसराच, तिथे प्रोबेटचे वेगळे जिल्हे आहेत.

काकांची जमीन दुसऱ्या राज्यात असेल, तर तिथे वेगळं पूरक प्रकरण झालेलं असू शकतं. तिथल्या क्लार्कलाही स्वतंत्रपणे विचारा.

प्रश्न : हे सगळं ऑनलाइन सापडत नाही का? पेसरवर खातं उघडलं, पण काहीच मिळत नाही. माहितीच्या अधिकारात अर्ज केला तर?

उत्तर : पेसर ही फेडरल कोर्टांची व्यवस्था आहे, प्रोबेट तिथे कधीच दिसणार नाही. ‘फोया’ हा माहितीच्या अधिकाराचा कायदा फेडरल सरकारच्या खात्यांना लागू आहे, काउंटीच्या कोर्टाला नाही. कोर्टाची प्रकरणं तशीही बहुतांशी सर्वांना खुली असतात, त्यामुळे साधी विनंती पुरते. वारस असल्याचा पुरावा सहसा मागत नाहीत.

काही राज्यांनी राज्यभराचा शोध खुला केला आहे. मिझुरीचं केस-नेट, विस्कॉन्सिनचं सर्किट कोर्ट पोर्टल, आयोवा कोर्ट्स ऑनलाइन आणि टेक्सासचं री-सर्च-टीएक्स ही त्यांतली काही. यांवर प्रकरण क्रमांक मिळाला तरी अर्धं काम झालं. कागद दिसतीलच असं नाही, आणि लहान काउंटीची जुनी प्रकरणं संगणकावर चढलेलीच नसतात. म्हणून पोर्टलवर नाव नाही याचा अर्थ प्रकरण नाही, असा काढू नका.

प्रश्न : क्लार्कला पत्रात नेमकं काय लिहायचं? पैसे कसे पाठवायचे?

उत्तर : सगळ्यात जास्त पत्रं इथेच फसतात. ‘माझ्या काकांची सर्व कागदपत्रं पाठवा’ असं लिहिलं, तर दोन-तीन माणसांच्या कचेरीत ते पत्र बाजूला पडतं. क्लार्क तुमच्या वतीने संशोधन करत नाही आणि कायद्याचा सल्ला देऊ शकत नाही. ‘यात माझा हिस्सा किती?’ हे तर मुळीच विचारू नका. क्लार्क अनुक्रमणिका उघडतो आणि तुम्ही दिलेलं नाव बघतो. तेवढंच.

ती अनुक्रमणिका कशी असते हे कळलं की पत्र कसं लिहायचं ते आपोआप कळतं. मृताचं आडनाव आधी, मग नाव, मग प्रकरण क्रमांक, दाखल झाल्याची तारीख, आणि नोंदवहीचा खंड व पान, अशी एक ओळ. आता आपली नावं तिथे कशी बसतात ते पाहा. आपण नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं लिहितो. समजा ‘अनंत विष्णू दीक्षित’. आडनाव कुठलं हे न कळल्यामुळे कुणी ते ‘विष्णू’खाली घालतो. दीक्षितमधला ‘क्ष’ कुणी ‘एक्स’ने लिहितो, कुणी ‘केएसएच’ने. बाईचं नाव माहेरच्या आडनावाने लागलेलं असू शकतं. अमेरिकन लोकांच्या जिभेसाठी घेतलेलं छोटं नावही असतं, अनंतचा ‘अँडी’ झालेला असतो. ही सगळी रूपं पत्रात एकाखाली एक लिहा. क्लार्कला ती सुचणार नाहीत.

पत्र एका पानाचं, टाइप केलेलं, इंग्रजीत. त्यात मृताचं नाव (सर्व रूपांसह), मृत्यूची तारीख, राहतं गाव, आणि शोधाचा काळ ‘मृत्यूच्या तारखेपासून आजपर्यंत’. टेक्सासमध्ये साधारणपणे मृत्यूनंतर चार वर्षांच्या आत मृत्युपत्र कोर्टात आणावं लागतं, पण अपवाद असतात, म्हणून काळ आखडता घेऊ नका. तारीख लिहिताना महिना अक्षरी लिहा. आपण ३ एप्रिल म्हणून लिहिलेलं ०३/०४ तिकडे ४ मार्च होतं. मग मागणी दोन टप्प्यांत करा : आधी ‘प्रकरण आहे का, असल्यास क्रमांक आणि एकूण पानं किती, खर्च किती’ एवढंच विचारा. उत्तर आल्यावर नेमके कागद मागा. एका फटक्यात सगळं मागितलं की शंभर-दोनशे पानांचं बिल येतं आणि त्यांतली बरीचशी नुसती नोटिशीची पोच असते.

शुल्काचा अंदाज यावा म्हणून : टेक्सासमध्ये साधी प्रत पानाला १ डॉलर आणि प्रमाणित करण्याचे ५ डॉलर, म्हणजे सहा पानी मृत्युपत्राची प्रमाणित नक्कल ११ डॉलरना पडते. कॅलिफोर्नियात पान ५० सेंट, पण प्रमाणित करण्याचेच ४० डॉलर, आणि शोधाला दहा मिनिटांहून जास्त वेळ लागला तर १५ डॉलर वेगळे. न्यूयॉर्कच्या सरोगेट्स कोर्टात शोधाचे ३० डॉलर, २५ वर्षांपेक्षा जुनं असेल तर ९०. पैसे पाठवण्याआधी त्या कचेरीकडून ताजा आकडा घ्या.

भारतीय बँकेचा चेक वटत नाही. लहान कचेऱ्यांत कार्ड चालेलच असंही नाही. अमेरिकेतल्या कुणा नातेवाइकाला पोस्टाची मनीऑर्डर काढून पाठवायला सांगणं हाच सरळ मार्ग. त्यांनीच अमेरिकन तिकिटं लावलेलं, स्वतःच्या पत्त्याचं मोठं पाकीट सोबत जोडावं. भारतीय तिकिटांचं पाकीट जोडलंत तर ते तिथेच पडून राहील.

फोन करायचा तर टेक्सासची सकाळची साडेआठची वेळ आपल्याकडे त्यांच्या उन्हाळ्यात संध्याकाळी सात, हिवाळ्यात आठ. बाराच्या सुमारास जेवणासाठी कचेरी बंद असू शकते. निवडणुकीचे दिवस टाळा, लहान काउंट्यांत अनेकदा मतदानाचं कामही याच क्लार्ककडे असतं.

प्रश्न : योग्य काउंटीतूनही ‘नोंद सापडली नाही’ असंच आलं. आता?

उत्तर : मालमत्ता प्रोबेटशिवायही पुढे जाते, त्यामुळे प्रकरण झालंच नसेल ही शक्यता मोठी. घर पतिपत्नीच्या संयुक्त नावावर उत्तरजीवी हक्काने (एक गेल्यावर सगळं मागे राहिलेल्याचं) असेल, बँकेत आणि निवृत्तिखात्यात लाभार्थी नेमलेला असेल, किंवा हयातीतच सगळं ट्रस्टमध्ये टाकलं असेल, तर कोर्टाला काही दिसत नाही. ट्रस्टचा दस्त खासगी असतो. कॅलिफोर्नियात छोट्या इस्टेटीचं प्रतिज्ञापत्र थेट बँकेला देतात, ते कोर्टात जातच नाही. पण तिथे मूळ मृत्युपत्र ज्याच्या ताब्यात असेल त्याने मृत्यू कळल्यापासून ३० दिवसांत सुपीरियर कोर्टाच्या क्लार्ककडे जमा करायचं असतं, म्हणून ‘प्रकरण नसलं तरी जमा केलेलं मृत्युपत्र आहे का?’ हा वेगळा प्रश्न विचारा.

टेक्सासमध्ये आणखी एक जागा बघायची राहते. वारसांचं प्रतिज्ञापत्र जमिनीच्या दस्तांत नोंदवतात. कचेरी तीच, अनुक्रमणिका वेगळी. प्रोबेटमध्ये शोधायला सांगितलंत तर क्लार्क प्रोबेटच बघेल. जमिनीच्या दस्तांतही काकांचं नाव बघा, असं स्पष्ट लिहावं लागतं.

गावच्या साप्ताहिकातली धनकोंना दिलेली जाहीर नोटीसही उपयोगी पडते. तिच्यात काउंटी, प्रकरण क्रमांक आणि एक्झिक्युटरचं (मृत्युपत्र अमलात आणणाऱ्याचं) नाव एकत्र सापडतं. गावच्या सार्वजनिक ग्रंथालयाला ईमेल करून विचारा.

प्रश्न : फाइल मिळाली, पण मालमत्तेची यादीच नाही. कुणी काढून घेतली असेल का?

उत्तर : टेक्सासची फाइल असेल तर संशय घेण्याचं कारण नाही. २०११ च्या सप्टेंबरपासून तिथे एक्झिक्युटरला बहुतेक वेळा पूर्ण यादी दाखल करण्याऐवजी, ‘यादी केली आणि वारसांना दिली’ असं प्रतिज्ञापत्र देता येतं. स्वतंत्र कारभारात, म्हणजे एक्झिक्युटर कोर्टाच्या देखरेखीशिवाय काम बघतो तेव्हा, शेवटचा हिशेबही कोर्टात येत नाही. यादी हवी तर ती एक्झिक्युटरकडे मागा. ‘लेटर्स टेस्टामेंटरी’ (कोर्टाने एक्झिक्युटरला दिलेलं अधिकारपत्र) नसतील तर मृत्युपत्र फक्त मालकीचा पुरावा म्हणून दाखल झालं असेल. तिथे तशी सोय आहे, आणि तिच्यात एक्झिक्युटर नेमतच नाहीत.

प्रश्न : १९३०च्या सुमारास कॅलिफोर्नियात वारलेल्या पणजोबांचे कागद मिळतील?

उत्तर : क्लार्कला लिहिण्याआधी फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर मोफत खातं उघडून काउंटीच्या नावाने प्रोबेटच्या मायक्रोफिल्म बघा. काही प्रतिमा फक्त त्यांच्या केंद्रातच उघडतात. नाव शोधून मिळालं नाही तर फिल्मच्या सुरुवातीची अनुक्रमणिका पानं उलटून बघा.

प्रश्न : काकांच्या नावावर पुण्यात फ्लॅट आहे. तिकडच्या मृत्युपत्राची कुठली प्रत इथे चालेल?

उत्तर : साधी झेरॉक्स नाही. ‘एक्झेम्प्लिफाइड’ प्रत मागा, तिच्यावर क्लार्क आणि न्यायाधीश दोघांच्या सह्या असतात. मृत्युपत्रासोबत ते मंजूर केल्याचा आदेशही घ्या. मग त्या राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटकडून अपोस्टिल (परदेशात कागद ग्राह्य धरावा म्हणून सही-शिक्का खरा असल्याचा दाखला) करून घ्या, टेक्सासमध्ये त्याचे १५ डॉलर लागतात. भारत २००५ पासून अपोस्टिल करारात असल्यामुळे वकिलातीत वेगळा शिक्का लागत नाही.

एक फसगत नेहमी होते : लोक प्रमाणित प्रतीची झेरॉक्स काढून नोटरीकडे नेतात आणि तिच्यावर अपोस्टिल घेतात. त्याने फक्त नोटरीची सही खरी ठरते, कोर्टाचा कागद नाही. स्कॅन करण्यासाठी स्टेपलची पिनही काढू नका, पिन निघाली की पानं बदलली असा आक्षेप येतो.

टेक्सासच्या कोर्टाचा हुकूम पुण्याच्या फ्लॅटला आपोआप लागू होत नाही. भारतीय वारसा कायदा, १९२५ च्या कलम २२८ नुसार परदेशी कोर्टात सिद्ध होऊन जमा झालेल्या मृत्युपत्राची रीतसर प्रमाणित प्रत जोडून इथल्या कोर्टातून लेटर्स ऑफ अॅडमिनिस्ट्रेशन (मालमत्तेची व्यवस्था बघण्याचं अधिकारपत्र) मागता येतात. अर्ज तयार करणाऱ्या वकिलाला काउंटीत मागणी करण्याआधीच विचारा की किती प्रती लागतील. एक कोर्टात जाते आणि दुसरी सोसायटीला दाखवायला हवी असते, हे नंतर लक्षात आलं तर सगळं चक्र पुन्हा फिरवावं लागतं.